अर्क काढलेला ओवा

सिरसाळ्याच्या बाजारातल्या एका दलालाने मला फसवले. उकळून अर्क काढून घेतलेला, नुसता चोथा उरलेला ओवा त्याने मला नवा ओवा म्हणून विकला. हे सुरुवातीलाच सरळ लिहून टाकतो, कारण आमच्या भागात ही गोष्ट वाकडी करून सांगतात. कोणी म्हणते, मी स्वस्ताच्या नादाने जाणूनबुजून हलका माल उचलला. कोणी म्हणते, मला ओव्यातले काही कळतच नव्हते. हे दुसरे ऐकले की अजूनही माझे डोके फिरते. ज्या बाईचा ओवा पंचक्रोशीत औषध म्हणून जायचा तिच्या पोटी मी जन्मलो. मला ओवा कळत नव्हता असे म्हणणाऱ्याने माझ्या तोंडावर येऊन म्हणावे.

लाज मात्र वाटते. फसल्याची तर वाटतेच. चोर पकडला गेला तर चार दिवस तोंड लपवतो, व्यापारी फसला तर जन्मभर लपवतो. पण माझी लाज तेवढ्यावर थांबत नाही.

तेव्हा निजामाचे राज्य होते. अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणायचे. आमचे गाव सिरसाळा आणि घाटनांदूरच्या मध्ये कुठेतरी, नाव सांगण्यासारखे नाही. बाप मला मिसरूड फुटायच्या आत गेला. वाटणीत जे रान आले ते आईने वाट्याने लावले आणि मी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन वाड्यावस्त्या फिरू लागलो. पाटीचे तट्टू झाले, तट्टाची गाडी झाली. मिरची, धणे, हळद, ओवा, जे बायकांच्या चुलीपाशी लागते ते मी घ्यायचो आणि विकायचो. अक्षर दुकानदारी करता करता शिकलो. भाव करायला मला कोणी शिकवले नाही, ते पोटाने शिकवले. समोरच्याच्या भुवईवरून तो किती खाली येणार हे मला कळायचे. बाजारात लोक म्हणायचे, ह्याच्याशी सौदा म्हणजे बाभळीवर चढणे. मला ते ऐकायला आवडायचे.

आता ओव्याचे. आमच्याकडे ज्वारीच्या नाहीतर तुरीच्या रानात मधूनमधून एखादा तास, म्हणजे एक ओळ, वेगळा पेरायचा. त्याला इरवड म्हणतात. त्यात ओवा, शेपा, तीळ, अंबाडी, जे घरात लागते ते. रान बापाचे, बैल बापाचे, पण इरवड घरच्या बाईची. तिथे काय पेरले, किती निघाले, कोणाला दिले, हे पुरुषाने विचारायचे नाही. आमच्या आईच्या इरवडीत मुख्य ओवाच असायचा. थंडीत त्याला पांढरी बारीक फुले येत, छत्र्या उघडून ठेवल्यासारखी. रानातून चालताना धोतराला वास लागायचा तो घरापर्यंत यायचा. वाळल्यावर आई झाडे उपटून आणायची, ओसरीवर गोधडी अंथरून काठीने बडवायची आणि सुपात पाखडायची. त्या दिवशी सगळ्या घराला शिंका येत.

त्या ओव्याने आमच्या घरात काय काय केले ते सांगतो. शिळे खाऊन पोट फुगले की चिमूटभर ओवा आणि मिठाचा खडा दाढेखाली धरायचा, जीभ चरचरायची, मग ढेकर यायचा आणि माणूस हसायचा. नाक चोंदले की ओवा तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचा, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि हुंगत राहायचे. तान्ह्याचे पोट दुखले की तीच पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून बघायची आणि मग त्याच्या बेंबीभोवती फिरवायची. बाळंतिणीला जेवण झाले की ओवा-बाळंतशेपा चावायला, गुळात ओव्याची गोळी, आणि न्हाऊन आली की शेगडीत ओवा टाकून धुरी. दूध चांगले उतरते, वारा धरत नाही असे म्हणायचे. भज्यात, थालीपिठात, गवारीच्या भाजीत ओवा असायचाच, कारण गवार आणि डाळीचे पीठ पोटात वारा करतात आणि ओवा वारा मोडतो. बैलाचे पोट फुगले तरी आई ओवा कुटून ताकात कालवून द्यायची. बैल बरा व्हायचा. एकदा झाला नाही, मेला. तेव्हा आई म्हणाली, "ओवा म्हंजी देव न्हाई बाबा. वारा धरला तर सोडवतो, काळ धरला तर न्हाई." म्हणून सांगतो, ओव्याने सगळे बरे होते असे मी म्हणत नाही. जे होते ते डोळ्यांनी पाहिले.

हा ओवा आई विकत नसे. औषधाचे दाम घेतले की हाताचा गुण जातो, अशी समजूत. गावात कोणी बाळंत झाली की त्या घरची बाई वाटी घेऊन आमच्या दारात यायची. पण रिकामी वाटी आणायची नाही, तळाला चार जोंधळे टाकून आणायची. आई ते जोंधळे आपल्या मडक्यात ओतायची आणि वाटी ओव्याने भरून द्यायची. येणारी मागत नसे, देणारी विचारत नसे. वाटी पुढे केली की कळायचे. लहानपणापासून मी पाहिले ते एवढेच, की वाटी आमच्या दारात येते. आमची वाटी कोणाच्या दारात जाताना मी पाहिली नव्हती.

मग ते साल आले. ओवा फुलावर असताना आभाळ दाटून आले ते हटेचना. मावा पडला. पांढऱ्या छत्र्या काळ्या झाल्या आणि आईच्या हाती सूपभर कोंडा आला. नवे पीक येणारच म्हणून आदल्या सालचा ओवा तिने आधीच वाटून टाकला होता. आणि नेमकी त्याच माघात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचे सासर घाटनांदूरचे, खाऊन पिऊन बरे, पण सासू तोंडाची फाटकी.

गावात एकाच घरी ओवा चांगला आला होता, माझ्या चुलतीच्या. तिचे रान माळाकडे, उंचावर, तिथे वारा खेळता. पण चुलतीचे आणि आईचे वाटणीपासून बोलणे बंद होते. वाटणीच्या वेळी दोघी जावा एकमेकींना नको ते बोलल्या होत्या आणि आई भर अंगणात म्हणाली होती, "तुझ्या उंबऱ्याला पाय लावीन तर पाय झडंल माझा." आई शब्दाची माणूस. पाय लावला नव्हता.

"बाबा," ती मला म्हणाली, "तू एवढं हिंडतुस. थोडा ओवा बघ की पोरीपुरता."

आईने माझ्याकडे आजवर काही मागितले नव्हते. माझी छाती अशी फुगली की काय सांगू. म्हणालो, "पोरीपुरता कावून? पोतंभर आणतो. गावाच्या वाट्या येतील त्या काय माघारी धाडायच्या?"

सिरसाळ्याच्या बाजारात गेलो. मला मिरचीही घ्यायची होती. तो दलाल माझ्या ओळखीचा, गोड बोलणारा, अंगाने बारीक, डोळ्याने मोठा. त्याला म्हणालो, "आधी ओवा दाव. घरात बाळंतपण हाय, माल जपून दे."

"आरं, मग तर चांगलाच देतो," तो म्हणाला. "भैनीचं व्हय? लई बेस. पण आधी पान तर खा बे, असा घोड्यावर बसून का आलास?"

विडा त्याने स्वतः लावला. चुना सढळ, तंबाखू सढळ. बाजारात कोणी विडा पुढे केला तर नाही म्हणता येत नाही, नाही म्हणणे म्हणजे सौदा नको म्हणणे. तोंड भरले, जीभ जळाली. मग तो म्हणाला, "मिरचीचा ढीग आत्ताच उतरलाय, गिऱ्हाईक टपलेत. ती आधी बघ, ओवा कुठं पळतोय." मी मिरचीत गेलो. वाळली मिरची खाली-वर करून बघायची म्हणजे ढिगात कोपरापर्यंत हात घालावा लागतो. खकाणा उडतो. नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले. मिरचीचा भाव मी रेटून पाडला, तो कुरकुरला, त्याने हात जोडले, मी आणखी पाडला. आणि तशाच नाकाने, तशाच तोंडाने तो मला ओव्याच्या पोत्याकडे घेऊन गेला.

मी मूठ काढली, तळव्यावर चोळली, हुंगली. थोडासा वास आला. खरेच आला, की येणार हे मला ठाऊक होते म्हणून आला, हे आज सांगता येत नाही. दाणा दाढेखाली धरला तर जीभ चरचरली, पण ती चुन्याने आधीच चरचरत होती. रंग जरा काळपट वाटला. विचारले तर म्हणाला, "मोमिनाबादकडचा हाय, तिकडची जमीनच तशी."

मग रुमाल. आमच्याकडे मोठा सौदा तोंडाने करत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटे दाबून भाव सांगायचा, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. रुमाल मी मागितला. त्याने बोटे दाबली, मी दाबली. तो मान हलवत होता, "मेलो बे मेलो" म्हणत होता, आणि एकेक बोट सोडत होता. इतका खाली कोणी येत नाही. इतका खाली का येतोय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला तेव्हा फक्त माझी बोटे दिसत होती. रुमाल उठला, सौदा झाला.

गाडी घरी आली तेव्हा पोते उतरायच्या आधी मी भाव सांगायला लागलो. त्याला कसा रडवला, कसा हात जोडायला लावला, मिरचीत कसा कापला, ओव्यात कसा सोलला. आई दारात उभी राहून ऐकत होती. मी पोत्याचे तोंड सोडले. तिने मूठभर ओवा काढला, तळव्यावर चोळला आणि नाकाशी नेला. मी बोलतच होतो. तिने पुन्हा एकदा चोळला. मग हात पदराला पुसला आणि म्हणाली, "लई चांगला हाय, बाबा. लई चांगला."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मी ओसरीवर बसलो होतो. आई पदराखाली वाटी धरून बाहेर पडली. पदर जरा सरकला तेव्हा वाटीच्या तळाला जोंधळे दिसले. माझ्या मनात आले, कोणाची तरी वाटी परत द्यायला निघाली असेल. जोंधळे भरून परत देत नाहीत, हे मला ठाऊक होते. पण माणसाला जे बघायचे नसते ते त्याला दिसत नाही, आणि मी त्या दिवसांत माझ्या सौद्याशिवाय काही बघत नव्हतो.

बहिणीला मुलगी झाली. सुखरूप झाली. पहिले काही दिवस पोर संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन किंचाळायची. आई तव्यावर ओवा भाजायची, पुरचुंडी करायची, गालाला लावून बघायची, पोरीच्या बेंबीभोवती फिरवायची. पोर हुंदके देत देत शांत व्हायची. बाळंतिणीच्या खोलीतून धुरी यायची, तो वास ओसरीपर्यंत यायचा, आणि मी येईल त्याला सांगायचो, "आमच्या पोत्यातला हाय. सिरसाळ्याचा. भाव ऐकशील तर चाट पडशील." गावातल्या दोनतीन घरच्या वाट्या आल्या. आईने त्या भरून दिल्या. त्या कोणत्या ओव्याने भरल्या, हे मी विचारले नाही.

बारशाला घाटनांदूरहून विहीणबाई आल्या, बरोबर चार बायका. घर भरून गेले. आणि मला आश्चर्य वाटले ते हे, की माझी चुलती आली होती. कोपऱ्यात बसली होती, आई तिला पाट देत होती. वाटले, पोरीच्या निमित्ताने दोघी निवळल्या असतील. बरे वाटले.

विहीणबाई नातीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "गुटगुटीत हाय की. आमची सून बी हिरवीगार दिसायली. विहीणबाई, तुमच्या ओव्याचं लई नाव ऐकलंय. थोडा संगं द्या, घरी गेल्यावर पोरीला लागंल."

"थोडा कावून?" मी दारातूनच ओरडलो. "पायलीभर न्या! ह्या घरात ओव्याला काय तोटा हाय!"

आई पटकन उठली. "तू बस बाबा. मी देते काढून."

"तू कावून उठतीस माय? पावण्या बायांत बस. मी आणतो."

"आरं बस म्हणते ना मी..."

मी ऐकले नाही. सूप भरून आणले आणि सगळ्या बायकांच्या मध्ये, विहीणबाईंच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी चिमूट घेतली, चोळली, हुंगली. माझ्याकडे पाहिले. पुन्हा हुंगली. दोन दाणे जिभेवर टाकले आणि चघळत चघळत म्हणाल्या, "पाव्हणं, ह्यो ओवा हाय का ओव्याचं मढं?"

बायका खो खो हसल्या. मला वाटले थट्टा आहे. म्हणालो, "तुमाला पडसं झालंय बाई. ह्याच ओव्यानं तुमची नात निजती."

"ह्याच्यानं?" त्या म्हणाल्या. "ह्याच्यानं उंदीर बी शिंकायचा न्हाई. माझ्या सुनंला हे चारलंय व्हय तुमी? भुस्सा?"

आता हसू थांबले. माझ्या कानशिलांत रक्त चढले. त्या बाईला काहीतरी जबरदस्त ऐकवायचे म्हणून मी साक्षीदार शोधला आणि नेमका चुलतीकडे वळलो. "काकू, तुमच्या घरी ओवा पिकतो. तुमी सांगा. हातात घेऊन सांगा ह्यांना."

चुलतीने दाणे हातात घेतलेसुद्धा नाहीत. तिने आईकडे पाहिले. आई जमिनीकडे बघत होती. चुलती म्हणाली, "चांगला हाय की. काय वाईट हाय त्याला? चांगलाच हाय."

ती खोटे बोलत होती हे तिथल्या सगळ्या बायकांना कळले. मला अजून कळत नव्हते. मी छाती काढून उभाच होतो. तेवढ्यात आतल्या खोलीतून, पडद्याआडून, बहिणीचा रडका आवाज आला. आपल्या आईने बाळंतिणीला भुसा चारला असे सासू म्हणाली, ते तिला सोसले नाही.

"आत्याबाई, मायनं मला तो न्हाई दिला. पोरीला बी न्हाई लावला. काकूच्या रानातला लावलाय. माय वाटी घेऊन गेलती काकूकडं."

विहीणबाईंनी सूप हळूच बाजूला सारले आणि नातीचे टोपडे नीट करू लागल्या. आईने पदर तोंडाला लावला होता. मी तिथून कसा बाहेर आलो मला आठवत नाही. गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

माझी लाज ही आहे. जिच्या दारात वाट्या यायच्या ती वाटी घेऊन गेली. जिच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हणाली होती, तिच्याच उंबऱ्याला गेली. तळाला जोंधळे टाकून गेली. आणि मी ओसरीवर बसून तिला जाताना पाहिले.

पाव्हण्या गेल्यावर मी विचारले, "तुला पहिल्या मुठीतच कळलं व्हतं ना?"

"कळलं."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

आईने निवडायचे सूप पुढ्यात ओढले. मग म्हणाली, "लई खूश व्हतास बाबा तू. गाडीवरून उतरायच्या आधी भाव सांगाय लागलास. कसं मोडावं तुझं मन? आन् तुझं डोस्कं मला म्हाईत हाय. तसाच उलट्या पावली सिरसाळ्याला गेला असतास, कुणाचं तरी टाळकं फोडलं असतंस. पोरगी घरात अवघडलेली. म्हणलं जाऊ दे. वाटीच तर न्यायची हाय."

म्हणजे आईने दलालाचे पाप झाकले नाही. ती मला भ्याली होती. बाहेर सगळ्यांना दटावून मी जो घरी यायचो, तो घरातही तसाच यायचो आणि मला कोणी सांगत नव्हते. तरी ह्याचा हिशेबही त्या दलालाच्याच नावावर पडतो असे मी मानतो. आई मला भीत होती हे तोवर झाकलेले होते, ते त्याच्यामुळे उघडे पडले.

पुढच्या बाजाराला मी पोते गाडीत घालून गेलो. तो बाभळीखाली बसला होता. मला पाहताच त्याने पानाचा डबा उघडला.

"ये बे ये. भैन मोकळी झाली का? पान घे."

मी डबा उडवला. पाने धुळीत पडली. बाजार गोळा व्हायला वेळ लागत नाही. मी पोत्याचे तोंड सोडून ओवा जमिनीवर ओतला. "हे काय दिलंस मला?"

"ओवा."

"ह्याला वास हाय का?"

तो शांतपणे म्हणाला, "तू माल बघितला व्हतास का न्हाई?"

"बघितला."

"नाकाला लावला व्हतास?"

"लावला."

"रुमाल कुणी मागितला? मी का तू?"

"मी."

"मग काय बे, तुझं नाक मी घरी ठिवून घेतलं व्हतं?"

सगळा बाजार हसला. ज्यांना मी आजवर बोटाबोटाने पिळले होते ते जास्त हसले. गर्दीत एक म्हातारा अत्तार होता, अर्क आणि शरबते विकणारा. त्याने खाली वाकून दाणे उचलले, नखाने फोडले आणि म्हणाला, "इसका तो अर्क निकल गया मियाँ. भट्टी का माल है, सुखाया हुआ." मग त्यानेच समजावून सांगितले. ओवा पाण्यात घालून भट्टीवर चढवतात, वाफेबरोबर सगळे तेज निघून अर्कात जाते. हकीम तो अर्क पोटदुखीला देतात. मागे जो ओवा राहतो तो फेकून द्यायचा असतो. कोणी तो वाळवतो आणि वर मूठभर नवा ओवा चोळून पोत्यात भरतो.

मग मला विडा आठवला आणि मिरचीचा ढीग आठवला. मी बाजाराच्या चौधरीला ओरडून सांगितले, "ह्यानं आधी तंबाखूनं माझी जीभ मारली, मिरचीनं नाक मारलं, आन् मग ओवा दावला!"

चौधरीने मिशीवर हात फिरवला. "पान दिलं तर गुन्हा झाला? मिरची तूच घ्यायला आलतास ना? रुमाल उठला का सौदा मिटला. ही बाजाराची रीत हाय, तुला काय नवी हाय? ह्याच रितीवर तू आजवर लोकांला सोलत आलास."

मी दलालाच्या अंगावर धावलो. चौघांनी धरले. माझे पागोटे पडले ते कोणीतरी पायाने माझ्याकडे सारले. तो जागचा हललाही नव्हता. धुळीतली पाने उचलून धोतराला पुसत होता. म्हणाला, "वासाचा भाव तू दिलाच न्हाईस बे. दिला असतास तर वास दिला असता."

ते उरलेले पोते मी घरी आणून उकिरड्यावर रिकामे केले. पुढे पाऊस पडला, उकिरड्यावर तांदुळजा उगवला, धोतरा उगवला, शेजारच्या भोपळ्याचे बी उगवले. ओव्याचा एक दाणा उगवला नाही. उकळलेले बी उगवत नाही. मी रोज जाऊन बघायचो. का बघायचो, सांगता येत नाही.

पुढल्या साली आईची इरवड चांगली आली. तिने पहिली वाटी भरली ती चुलतीकडे नेली. त्यानंतर दोघी जावांचे बोलणे आई जाईपर्यंत तुटले नाही. ह्याच्यावरून आमच्या गावातले शहाणे मला सांगतात, "बघ, त्या दलालाचे उपकारच झाले. त्याच्यामुळं दोन जावा एक झाल्या." हे ऐकले की मला सिरसाळ्याच्या बाजारातल्या हसण्यापेक्षा जास्त राग येतो. जावा एक झाल्या त्या माझ्या आईच्या पायांनी झाल्या. तिने शब्द गिळला म्हणून झाल्या. चुलतीने भरल्या घरात माझ्यासाठी खोटे बोलायची तयारी दाखवली म्हणून झाल्या. त्यात त्याचे काय?

आई आता नाही. चुलती आहे, तिला दिसत नाही, पण तळव्यावर ओवा चोळून कोणत्या रानाचा आहे ते सांगते. तो दलालही आहे. म्हातारा झाला आहे, बाजाराच्या वाटेवर त्याने पाणपोई घातली आहे आणि येणारे-जाणारे त्याला हात जोडतात. मी तिथे पाणी पीत नाही. रुमाल उठला की सौदा मिटतो, हे मला मान्य आहे. माझ्यापुरता मिटला. पण रुमालाखाली माझी बोटे होती, माझ्या आईची नव्हती, माझ्या बहिणीची नव्हती, त्या तान्ह्या पोरीची तर नव्हतीच. त्यांचा सौदा कोणी मिटवला?

मी त्याला आधीच सांगितले होते की घरात बाळंतपण आहे. तो "मग तर चांगलाच देतो" म्हणाला होता. ऐकले नव्हते असे त्याला म्हणता येणार नाही. त्याने त्या पाणपोईवरून उठावे, आमच्या गावी यावे आणि माझ्या चुलतीच्या उंबऱ्यापाशी हातात वाटी घेऊन उभे राहावे, तळाला चार जोंधळे टाकून. माझी आई उभी राहिली होती तसे. आणि त्या आंधळ्या म्हातारीच्या समोर मला सांगावे. सांग दलाला, बाळंतिणीसाठी आहे हे ठाऊक असताना तू तो ओवा दिलास कावून?

बोल. मी पानसुद्धा देईन. पण उत्तर दे.